सातवा शेरा

नणंदेच्या मुलीला स्थळ बघायला टक्केबाई दारोदार फिरतेय, ही बातमी गल्लीत सोमवारी उठली आणि बुधवारपर्यंत तिला हातपाय फुटून मिशाही आल्या. खोटं तरी कसं म्हणावं? संध्याकाळी ऑफिस सुटलं की बाई बगलेत वही मारून नाक्यापलीकडच्या वस्तीत जाते, दाराची कडी वाजवते आणि विचारते, "तुमच्याकडे अठरा-एकोणीसचं कोणी आहे ना? दिवसभर काय करतं?" एवढं ऐकून कुठला बाप गप्प बसेल? एकाने मुलाचा पगार वाढवून सांगितला, उंचीही दोन इंच वाढवली आणि वर म्हणाला, "मुलगा निर्व्यसनी आहे. मुलगी काय शिकलीय?"

नणंद राहते वरच्या मजल्यावर. आपल्या लेकीचं स्थळ ठरतंय आणि आपल्यालाच पत्ता नाही म्हटल्यावर ती तरातरा जिना उतरली.

"वहिनी, मुलगी माझी की तुमची?"

"तुमचीच, वन्सं. कोणी दुसरं मागतंय का?"

"मग हे वरसंशोधन कोणाचं?"

टक्केबाईने वही उघडून पुढे केली. तिच्यात एक्केचाळीस नावं होती. त्यांतली सतरा मुलींची. कोणाचा पगार नाही, उंची नाही, रंग नाही. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न, 'शाळा कधी सोडली?' नणंदेने पानं चाळली, "हे कसलं मेलं स्थळ?" म्हणाली, आणि निराश होऊन वर गेली. बातमी त्याच संध्याकाळी वारली. मुलाची उंची वाढवणाऱ्या बापाला मात्र ते कोणी कळवलं नाही.

टक्केबाई हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर ती एकोणतीस वर्षं बसते. खोली लांबट, खिडकी एक, आणि त्या खिडकीला पाठ करून तिची खुर्ची. उजेड कागदावर पडावा म्हणून. भिंतीला लागून अकरा कपाटं, अकरा शाळांची. चौथ्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. ती लाथ कुठे मारायची, हे ऑफिसात तिला एकटीलाच ठाऊक. तिचे वडील दुकानांतले वजनकाटे तपासायचे. लहानपणी त्यांच्यामागून फिरताना तिला खोड लागली, ती कायमची. घरी सहा कपांपैकी एक फुटला तर ती "कप फुटला" म्हणत नाही, "सतरा टक्के गेले" म्हणते. नवरा पाट्या रंगवतो. एकदा त्याने कौतुकाने विचारलं, "मी तुला किती आवडतो?" ती म्हणाली, "कधीपासूनचं धरायचं?"

तिच्या टेबलावरून दर वर्षी एक आकडा निघतो, जिल्ह्याचा टक्का. म्हणजे असं, की चार वर्षांपूर्वी नववीत आलेल्या शंभर मुलांपैकी किती जण बारावी पास होऊन बाहेर पडले. ऐकायला सोपं. पण मुलं म्हणजे काही पोत्यातले तांदूळ नव्हेत, चार वर्षं एका जागी राहायला. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा रकाना असतो आणि त्यात आकडा घालायचा. एक, पास. दोन, नापास. तीन, अजून शिकतो आहे. चार, दुसऱ्या शाळेत गेला आणि त्या शाळेचं पत्र आलं. पाच, वारला. सहा, शाळा सोडली. चार आणि पाच हिशेबातून वजा होतात. दुसऱ्या शाळेतल्या मुलाचा भार आपल्यावर का घ्या? बाकीचे सगळे आपले. पास झाले तरी आपले, सोडून गेले तरी आपलेच.

नियमात शेरे सहाच. जिल्ह्यात मात्र बारा वर्षं सात चालत होते, आणि सातवा टक्केबाईने स्वतःच्या हाताने काढला होता.

त्याचं असं झालं. त्या वर्षी वरच्या ऑफिसने रिकामे रकाने असलेल्या वह्या लाल पेन्सिलीचे फटकारे मारून परत पाठवल्या. इकडे शाळांचे फोनावर फोन. "ताई, हा पोरगा महिनाभर येत नाही, घराला कुलूप आहे, काय लिहू?" "ही मुलगी मामाकडे गेली म्हणतात, शाळेत घातलं का नाही कोणास ठाऊक, काय लिहू?" रिकामा रकाना बघितला की टक्केबाईला पायात खडा गेल्यासारखं होतं. तिने पट्टी घेतली, सहाच्या खाली रेघ ओढली आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'सात, अन्यत्र'. पुढे बारीक पेन्सिलीने टीपही लिहिली, 'तात्पुरता शेरा. महिन्याभरात चौकशी करून बदलावा.' मग कागद झेरॉक्सला दिला. अकरा प्रती आल्या, अकरा शाळांत गेल्या. झेरॉक्सने शाई उचलली आणि फिकट पेन्सिल सोडून दिली. प्रत तपासायला ती कधी चुकत नाही, पण त्या दिवशी तिने मूळ कागदच तपासला. त्यावर टीप होती.

शाळांना हा शेरा म्हणजे बसल्या जागी मिळालेली गादी. सहा लिहिला तर हेडसरांना विचारणा होते, पोरगं का सुटलं म्हणून. सात लिहिला की कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या शाळेत गेला समजून मूल हिशेबातून वजा. जिल्ह्याचा टक्का वर्षागणिक चढत गेला. त्र्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, मुलं सुधारली.

हे सगळं एका पावाच्या लादीवरून बाहेर आलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी एक मुलगी काउंटरला असते. केस रुमालात बांधलेले, कोपरापर्यंत मैदा. टक्केबाईने विचारलं, कालच्या पावावर पंधरा टक्के सूट, मग तीन लाद्यांचे किती? मुलीने कॅल्क्युलेटरकडे न बघता उत्तर दिलं, तेही बरोबर. टक्केबाईला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली.

"कितवीत आहेस गं?"

"बारावीत होते, काकू. आठवडाभर."

"मग?"

"बाबा आजारी पडले. आठ महिने दवाखाना, घर आणि ही भट्टी. ते बरे झाल्यावर गेले होते शाळेत, परत नाव घालायला. नाही घेतलं."

"का? वीस पूर्ण होईपर्यंत परत येता येतं. नियम आहे तसा."

"शाळा सोडलेल्याला येता येतं म्हणाले. मी सोडलेलीच नाहीये." मुलीने लादीला कागद गुंडाळत सांगितलं. "क्लार्क म्हणाले, वहीत तू अन्यत्र आहेस. दुसऱ्या शाळेत. त्या शाळेचं पत्र आण, मग घेतो."

"कुठल्या शाळेचं?"

"तेच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ते तुला माहीत."

टक्केबाईने पाव घेतला आणि सुटे पैसे विसरून बाहेर पडली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच.

ऑफिसात तिने चौथ्या कपाटाला लाथ घातली, मग बाकीची दहा उघडली आणि दोन दिवस बोट फिरवत बसली. चार वर्षांपूर्वी नववीत आलेली सोळाशे मुलं. पत्र येऊन दुसरीकडे गेलेली आणि वारलेली मिळून साठ. पास झालेली बाराशे चौदा. आणि अन्यत्र दोनशे वीस. ती वजा धरली की टक्का ब्याण्णव. जिल्ह्याचा आजवरचा सर्वांत मोठा. साहेबांनी फाटकावर लावायला त्याची पाटीसुद्धा सांगून ठेवली होती आणि ती रंगवायला घेतली होती तिच्याच नवऱ्याने, सोनेरी किनारीसकट. वह्या महिनाअखेरीला बंद व्हायच्या. एकदा बंद झाल्या की शेरा बदलत नाही. अन्यत्र तो कायमचा अन्यत्र. बेकरीतली मुलगी दोन महिन्यांनी वीस पूर्ण करणार होती.

जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "बघ बाई. ती टीप पेन्सिलीने होती हे तुला माहीत आणि त्या कपाटाला. कपाट काही बोलणार नाही."

"ती मुलगी बोलली ना."

"मेमो मिळेल तुला. एकोणतीस वर्षांत डाग नाही."

"एक मिळाला तर तीन पूर्णांक चार टक्के."

"काय?"

"वर्षाला एक धरलं तर."

नवऱ्याने ताटातली भाजी संपवली. ज्या बाईला घाबरतानाही भागाकार सुचतो तिच्याशी वाद कोण घालणार?

तिने अकराही शाळांना लेखी कळवलं, अन्यत्र लिहिलेल्या प्रत्येक मुलाचं दुसऱ्या शाळेचं पत्र आठ दिवसांत पाठवा. आणि पत्रं येईपर्यंत नाक्यावरच्या, म्हणजे बेकरीतल्या मुलीच्या शाळेची एक्केचाळीस नावं वहीत उतरवून स्वतः निघाली. इथूनच गल्लीत लग्नाचा वास पसरला, ते वर आलंच आहे.

एक्केचाळीसपैकी सहा जण खरोखर दुसऱ्या गावच्या शाळेत होते. दोघांचा पत्ता कोणालाच नव्हता. उरलेले तेहतीस याच शहरात, बहुतेक शाळेची घंटा ऐकू येईल अशा अंतरावर. एका मुलीने भावाचं तान्हं कडेवर घेऊन दार उघडलं आणि बोलताना त्याच्या तोंडातून टक्केबाईची पेन्सिल दोनदा काढून घेतली. एक जण होता शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या गॅरेजमध्ये. टक्केबाई पोचली तेव्हा तो एका निळ्या स्कूटरखाली आडवा होता आणि स्कूटरचे मालक स्टुलावर बसून घाई करत होते. मालक म्हणजे त्याच शाळेचे हेडसर.

"सर, हा मुलगा ओळखता?"

"हा? आमचा हुकमी मेकॅनिक. दर महिन्याला गाडी याच्याकडेच. हात सोन्याचा आहे."

"तुमच्या वहीत हा अन्यत्र आहे."

हेडसरांनी स्कूटरकडे बघितलं, मग भिंतीकडे. "म्हणजे... भिंतीच्या अलीकडे आहे ना."

स्कूटरखालून आवाज आला, "मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं सर तुम्हाला. तुम्ही म्हणालात, आधी ब्रेक बघ."

आणि एक आई होती. नाव ऐकताच तिने अभिमानाने सांगितलं, "शाळेत गेलाय ना तो, साडेसहालाच. डबा घेऊन." टक्केबाईचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने ते उचललं, "बरं, परत येईन" म्हणाली आणि काही न लिहिता निघाली. दोन दिवसांनी तो मुलगा तिला सार्वजनिक वाचनालयात सापडला. दहावीपर्यंत बरा होता, अकरावीत गणितात दोनदा उडाला, घरी सांगायची छाती झाली नाही. तेव्हापासून रोज दप्तर घेऊन निघतो आणि वाचनालय उघडायची वाट बघत पायरीवर बसतो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "नका हो नेऊ त्याला. इतिहासाची दोन कपाटं वाचून झालीत. तिसरं काढलंय."

आठ दिवसांत अकरा शाळांकडून पत्रं आली चोवीस. दोनशे वीसपैकी. टक्केबाईने चोवीस वजा केले, बाकीचे एकशे शहाण्णव सहाचा शेरा लिहून परत पोटात घेतले आणि भागाकार तीन वेळा केला. तीनही वेळा उत्तर ऐंशी आलं.

साहेबांना सगळं चकाचक लागतं. टेबलावर काच, काचेवर काहीच नाही. तिला बघून ते खुशीत म्हणाले, "या, ताई. काही वाढलं का अजून? एखादा दशांश?"

"कमी झालं, साहेब."

"किती दशांश?"

"बारा टक्के."

साहेबांनी पाणी मागवलं. मग सगळं ऐकलं, कागद दोनदा बघितला आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. "नियमात सहा शेरे आहेत. हा सातवा कोणी काढला?"

"मी."

"तुम्ही?"

"पट्टीने."

"बारा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"काटा आपल्या बाजूने झुकत असला की कोण तपासतो, साहेब? मीही नाही तपासला."

साहेब खिडकीपर्यंत गेले. खाली फाटकापाशी तिचा नवरा शिडीवर चढून नव्वदाच्या घरातला नऊ घोटत होता. साहेब माणूस वाईट नव्हेत. बदलीवर आलेले, जाताना एक चांगला आकडा मागे ठेवावा एवढीच इच्छा. ते म्हणाले, "ताई, हे पुढच्या वर्षीपासून नीट करू. या वर्षी असू दे. एका वर्षाने काय बिघडतं?"

"महिनाअखेरीला वही बंद होते. वही बंद झाली की यांना परत येता येत नाही. एक मुलगी तर दोन महिन्यांत वीसची होते."

"एका मुलीसाठी?"

"एकशे शहाण्णव आहेत. ती फक्त पाव विकते म्हणून मला दिसली."

"आणि ही सगळी परत आली, पास झाली, तरी या वर्षीचा आकडा ऐंशीच?"

"ऐंशीच. चार वर्षं होऊन गेली त्यांची. पास झाली तरी आपल्या टक्क्यात धरायची नाहीत."

"म्हणजे आपल्याला मिळणार काय?"

तिने पिशवीतून तयार कागद काढला. सातवा शेरा कोणी, कधी, कसा काढला याचा पाच ओळींचा कबुलीजबाब, खाली सही. "वरून विचारतील तेव्हा तुम्हाला लागेल," ती म्हणाली. साहेबांनी तो वाचला आणि काचेवर ठेवला. त्या काचेवरचा त्या दिवसातला तो पहिला कागद. मग त्यांनी वह्यांवर ऐंशीची सही केली. पंधरा दिवसांनी टक्केबाईला मेमो मिळाला, त्यावरही सही त्यांचीच. तिने त्यातली एक आकड्याची चूक दुरुस्त करून घेतली आणि फाईलला लावला.

आता शाळेचं. नाव परत घालता येतं म्हणून कोणी परत येतंच असं नाही. नाक्यावरच्या शाळेची घंटा साडेसातची, बेकरीची पाळी दहाला संपते. टक्केबाईने हेडसरांना विचारलं, अकराची एक तुकडी काढता येईल का? सर म्हणाले, शिक्षक नाहीत, खोली नाही, खडू नाहीत. गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "मग सर, गाडी यापुढे सकाळी साडेसातलाच आणत जा. अकराला मी तुमच्या खोलीत असणार." खोली निघाली. प्रयोगशाळेशेजारची, जिच्यात मोडकी बाकं ठेवत. शिक्षकही दोन निघाले, एक आपणहून आणि एक हेडसरांनी डोळे वटारल्यावर.

तेहतीसपैकी चौदा जण आले. वाचनालयातला आला, पण आईला खरं सांगितल्यावर. ते सांगायला तो टक्केबाईला सोबत घेऊन गेला आणि सगळं ती बाईच बोलली. आईने डबा धुतला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला नाही, साडेदहाला भरला. तान्हं सांभाळणारी मुलगी आली आणि तान्हंही आलं. तिघे महिन्याभरात परत गेले. त्यांच्या नावापुढे आता सहाचा शेरा आहे आणि दर पंधरा दिवसांनी कोणीतरी त्यांची कडी वाजवतं. बेकरीतली मुलगी वीसची व्हायला एकोणीस दिवस बाकी असताना हजेरीपटावर आली. मागच्या बाकावर बसते, हाताला मैदा असतो, आणि गणिताच्या सरांना ती आवडत नाही, कारण फळ्यावरचं उत्तर ती आधीच सांगते.

जिल्ह्यात नवीन रीत पडली. मूल दहा दिवस गैरहजर राहिलं की वर्गशिक्षकाने घरी जायचं, कुलूप असेल तर शेजारी विचारायचं, आणि शेरा शाईनेच लिहायचा. याचा गुण येईल की नाही ते चार वर्षांनी कळेल. टक्केबाई आधी सांगत नाही.

गल्लीला मात्र चार वर्षं थांबायची सवय नाही. फाटकावरच्या पाटीवर ऐंशी लागले, तेही सोनेरी किनारीतच, कारण किनार आधीच रंगवून झाली होती. शेजारच्या जिल्ह्याचे अठ्ठ्याऐंशी. पेपरात खाली बारीक अक्षरात दोन्ही आकडे आले. रविवारी सकाळी टक्केबाई दारात डाळ निवडत बसली होती. नणंद वरच्या गॅलरीत केस वाळवत होती, हातात पेपर.

"वहिनी, वाचलंत का?"

"लिहिलंय तेच मी, वन्सं. वाचायचं काय?"

"अहो, वणवण केली तुम्ही, चपला झिजवल्या तुम्ही, मेमो खाल्ला तुम्ही. आणि एवढं करून नापास कोण झालं? तर तुमचंच ऑफिस!"

खालून जाणारे दोघे-तिघे हसले. समोरच्या दुकानदाराने वजनं खाली ठेवली. टक्केबाईने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"झालं की," ती म्हणाली. "नापास झालेल्याला परत बसता येतं."